लोएल आणि सात फुटी पाहुणा

माझ्या बहिणीचा नवरा लोएल स्ट्रंक उंच माणसं जोखतो. आमच्या इंडियानात कुणी मका जोखतं, कुणी डुकरं. हा कॉलेजातले ताडमाड बास्केटबॉलपटू जोखतो आणि त्यातला कोण व्यावसायिक संघात टिकेल हे आपल्या मालकांना कळवतो. गावोगावच्या जिममध्ये पॉपकॉर्न खात बसतो आणि चेंडूकडे चुकूनही बघत नाही. बघतो फक्त पाय. चर्चमध्ये नवे पाद्री आले तेव्हा आम्ही सगळे प्रवचन ऐकत होतो, आणि हा मला कोपरानं ढोसून म्हणाला, "डावीकडे वळताना जड जातंय बघ."

असा माणूस घरात असणं सोपं नाही. माझी बहीण व्हर्ना म्हणते, लग्नाला होकार मिळाल्यावरसुद्धा तो सांगत होता की आपल्याला थोडी आणखी माहिती लागेल.

उंच माणसांबद्दल त्याचं ठाम मत आहे: बडा घर, पोकळ वासा. कॉलेजवाले उंची बुटांसकट मोजतात आणि वर दोन इंच प्रेमाचे घालतात. "कॉलेजात उंच गडी बास्केटखाली नुसता उभा राहिला तरी देव वाटतो," लोएल सांगतो. "पुढे मात्र एखादा ठेंगू त्याला मोकळ्या मैदानात ओढून नेतो, आणि देवाला पळावं लागतं." म्हणून तो उंचासमोर उंच उभा करतच नाही. हाताशी असेल तो सगळ्यांत चपळ ठेंगू आणतो आणि राक्षसाला म्हणतो, अडव याला. एकदा फक्त एका पोराच्या सुंदर हातांवर भाळून ही परीक्षा त्यानं टाळली. पोराचे हात अजूनही सुंदर आहेत; तो आता गालिचे विकतो.

गेल्या मे महिन्यात त्याची मुलगी कोरिन टोबी राइनहार्टला जेवायला घेऊन आली. दोघं एकाच कॉलेजात. ती मुलींच्या संघात चेंडू नेणारी, चिमणीएवढी, आणि हा मुलांच्या संघातला सात फुटी सेंटर, म्हणजे बास्केटखाली उभा राहणारा गडी. मुलगा गोड. दारातून वाकून आला, व्हर्नाच्या हातातलं भांडं घेतलं, आणि माझ्या टकलाकडे बघूनही, मी न्हावी आहे हे ऐकल्यावर हसला नाही.

पण पेच होता. टोबीनं व्यावसायिक निवडीसाठी नाव दिलं होतं आणि ते मागे घ्यायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. नाव तसंच राहू दिलं आणि कुठल्याच संघानं घेतलं नाही, तर कॉलेजचा संघ गेला, शिष्यवृत्ती गेली, शेवटचं वर्षही गेलं.

"बाबा, तुम्ही फक्त हो म्हणा," कोरिन म्हणाली. "सगळे म्हणतात तो निवडला जाईल."

"सगळे म्हणजे कोण?"

"त्याचे कोच. मित्र. त्याची आजी."

"आजी किती वर्षं जोखतेय?"

"लोएल, जेवू दे त्याला," व्हर्ना म्हणाली.

"जेवू दे की. जेवणात तो पहिल्या क्रमांकाचा आहे."

टोबीनं काटा खाली ठेवला. "सर, मला खरं ऐकायचंय. नंतर घरी बसून कळण्यापेक्षा आज इथं कळू दे."

लोएल उठला आणि सगळ्यांना घेऊन कोठारामागे गेला. आमच्याकडे कोठाराला दार नसलं तरी चालतं, बास्केट लागतेच. ठेंगू शोधायला लांब जावं लागलं नाही. त्यानं चेंडू कोरिनच्या हातात दिला. "तू घेऊन ये. टोबी, तू अडव."

पोरीचा चेहरा उतरला. ती याच बापाच्या हाताखाली वाढली होती. परीक्षा काय आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ती आली, उजवीकडे झुकली, टोबी सरकला आणि त्यानं चेंडू अलगद थोपवला. पुन्हा आली, पुन्हा थोपवला. व्हर्नानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला सांगू. लोएल मात्र पोरीच्या पायांकडे बघत होता, तरी त्यानं तिला टोकलं नाही. मला वाटतं, त्यालाही त्या दिवशी फसायचं होतं.

टोबीनं चेंडू तिला परत दिला. "तू हळू येतेयस."

"नाही."

"कोरिन, तीन वर्षं तुझी एकही मॅच मी चुकवलेली नाही. आता खरी ये."

"कशाला?"

"ये म्हणतोय ना."

ती आली. टोबीनं पाय उचलायच्या आत ती त्याच्या बगलेखालून निघून गेली होती. तो वळला तेव्हा चेंडू बास्केटमधून खाली पडत होता, आणि ती कोठाराकडे तोंड करून रडत होती.

"सांगा, सर."

"आता काय सांगायचं राहिलंय?" लोएलचा आवाज कधी नव्हे तो मऊ झाला होता. "नाही टिकणार, बाळा. पाय नाहीत. कॉलेजचं वर्ष पुरं कर."

टोबीनं मान डोलावली, तिथेच उभं राहून कोचना फोन केला, नाव मागे घ्या म्हणाला. लहानपणापासूनचं एवढं मोठं स्वप्न, आणि बोलणं दोन वाक्यांत संपलं. मग मागच्या दाराच्या पायरीवर येऊन बसला. बसला तरी तो समोर उभ्या कोरिनच्या खांद्याला लागत होता.

"आता मी नुसताच उंच आहे," तो तिला म्हणाला. "चालेल?"

व्हर्नानं माझा हात घट्ट धरला. लोएल उगाचच कोठाराची बिजागरी तपासायला लागला.

कोरिननं बाहीनं नाक पुसलं. "सरक तिकडे," ती म्हणाली, आणि त्याच्या शेजारी बसली.