मावशीची डेग रिकामी कशी परत आली

प्रथम तारखा. त्या मी पंचांगाप्रमाणे देतो, कारण इंग्रजी तारखा महाविद्यालयाच्या आवक शिक्क्यावर आहेत आणि त्या शिक्क्याची शाई नेमकी माझ्या पत्रांवरच फिकी उमटते.

पोळ्याची कर. मावशीची पितळी भांडी महाविद्यालयाच्या दालनात काचेआड गेली. जबाबदार: प्राचार्य.

तुळशीच्या लग्नानंतरचा पहिला बाजार. भांडी मागायला आलेल्या लग्नघरच्यांना अंगणात ताटकळत ठेवण्यात आले. जबाबदार: प्राचार्य आणि, किल्लीपुरता, भांडारपाल.

वसंत पंचमी. तीच भांडी संस्थेच्या अध्यक्षांच्या घरी लग्नाला गेली. जबाबदार: कोणीही नाही. भांडी देण्यासाठीच आहेत.

त्याच आठवड्याची अखेर. भांडी परत आली. घासलेली, चकचकीत आणि रिकामी. जबाबदार: संस्थेचे माननीय अध्यक्ष. ‘माननीय’ हा शब्द मी सवयीने लिहिला आहे. तो कार्यवृत्तातून वगळण्यास माझी हरकत नाही.

मी न्यायालयात शिरस्तेदार होतो. निवृत्तीनंतर माणसे तीर्थयात्रेला जातात. मी पत्रे लिहू लागलो. नळाला गढूळ पाणी आले, पत्र. एसटीच्या फलकावरची वेळ आणि एसटीची वेळ जुळली नाही, पत्र. घरातली माणसे मला पोस्टमन यायच्या वेळी शक्यतो बोलवत नाहीत. या साऱ्या पत्रव्यवहारात मी एकच दस्तऐवज असा लिहिला, ज्याचा मला निखळ अभिमान आहे, आणि तो मावशीचे मृत्युपत्र होय.

मावशी आमच्या गल्लीत राहत. भंडाऱ्याच्या बाजारात त्यांच्या सासरचे पितळी भांड्यांचे दुकान होते. पुढे घराघरांत स्टील आले, मग प्लास्टिक आले आणि दुकानातल्या मोठ्या परातींना, कढयांना, माणूस आत बसेल एवढ्या डेगींना गिऱ्हाईक उरले नाही. दुसऱ्या कोणी ते पितळ मोडीत काढले असते. मावशींनी ते लग्नकार्याला फुकट द्यायला सुरुवात केली.

फुकट हा शब्द येथे तपासून घ्यावा. आपल्याकडे दुसऱ्याचे भांडे रिकामे परत करीत नाहीत. शेजारून वाटीभर भाजी आली, तर ती वाटी जाताना चिमूटभर साखर तरी घेऊन जाते. वाटीची ही रीत डेगीलाही लागू होते, हे मावशींच्या ध्यानात आले आणि साऱ्या जिल्ह्यात ते त्यांच्या एकट्यांच्याच ध्यानात आले असावे. लग्नघर डेग नेई, कार्य उरके आणि परत करताना घरातली मोठी बाई विचारात पडे: एवढ्या मोठ्या भांड्यात चिमूटभर घालायचे कसे? लाज राखण्यासाठी तिला तांदूळ ओतावा लागे. आणि आपल्या जिल्ह्यात दुसऱ्या कशाची वाण असली, तरी तांदळाची नाही.

त्या तांदळाचा भात मावशी रोज संध्याकाळी शिजवीत आणि महाविद्यालयाच्या वसतिगृहातल्या मुलींना वाढीत. वसतिगृहात सकाळचे जेवण होते, रात्रीचे नव्हते. ते मावशींच्या ओसरीवर होते. वरण कधी पातळ, कधी अतिपातळ. भाताला मात्र मर्यादा नसे. त्या ओसरीवर जेवलेल्या मुली आज परिचारिका आहेत, शिक्षिका आहेत, एक तर मी ज्या न्यायालयात उभा राहत असे तेथेच वकिली करते आणि मला कलमे ऐकवते.

गुडघे थकले तेव्हा मावशींनी मला बोलावले. मी कोरा कागद, दोन पेने आणि पूर्ण गांभीर्य घेऊन गेलो.

“लिहा भाऊ,” त्या म्हणाल्या, “भांडी सारी कालेजले. अन् जो मांगन त्याले द्यावी.”

मी लिहिले आणि वाचून दाखविले: “सदर भांडी कोणत्याही याचकास विनामूल्य...”

“याचक काहून लिहिता? लग्नाचं घर भिकारी असते का?”

मी ‘याचक’ खोडून ‘मागणारी व्यक्ती’ लिहिले.

“आता लिहा, भांडं रिकामं वापस येऊ नये. जे येईन ते पोरींच्या रातच्या जेवणाले.”

येथे मी पेन खाली ठेवले. मी त्यांना समजावले की, बाई, मृत्युपत्राने महाविद्यालयाला बांधता येते. लग्नघराला बांधता येत नाही. भांड्यात काही घालून द्यावे, ही रीत आहे, अट नव्हे. ती कायद्यात बसत नाही.

“तुमच्या कायद्यात बसत नसन तं त्याले खाली सतरंजीवर बसवा,” मावशी म्हणाल्या. “पण लिहा.”

मी लिहिले. साक्षीदार म्हणून त्यांनी जेवायला आलेल्या दोन मुलींना हाक मारली, तेव्हा ज्यांना लाभ त्यांची साक्ष नको, असे मी बजावले. “भात खाल्ल्यानं साक्ष खोटी होते का?” असे त्यांनी विचारले. शेवटी शेजारचे कल्हईवाले आणि मधुमेहामुळे भात वर्ज्य असलेले एक गृहस्थ साक्षीला मिळाले. मृत्युपत्राची अंमलबजावणी पाहण्यासाठी माझे नाव घातले गेले. मावशी त्या पावसाळ्यात गेल्या.

महाविद्यालयाने दानाचा स्वीकार केला. असा स्वीकार मी पूर्वी पाहिला नव्हता. मंडप, हार, ध्वनिक्षेपक, मावशींच्या तसबिरीवर झेंडूची माळ. अध्यक्षांनी मावशींना ‘दानशूर माता’ म्हटले आणि मुलींनी टाळ्या वाजविल्या. मग भांडी ‘स्मृतिदालन’ नावाच्या खोलीत काचेआड ठेवण्यात आली आणि सर्वांत मोठ्या डेगीत प्लास्टिकचे गुलाब खोचण्यात आले. खोलीला कुलूप लागले. मावशी गेल्यापासून बंद पडलेले मुलींचे रात्रीचे जेवण बंदच राहिले.

मी पत्र लिहिले. उत्तर आले: विचाराधीन आहे. मी दुसरे लिहिले. उत्तर आले: आपले पहिले पत्र विचाराधीन आहे. मग एके दिवशी वसतिगृहातली एक मुलगी माझ्या दारात आली. तिचे गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेले. आता ते नव्या जागी, जुन्याच नावाने आहे. त्या नव्या गावातून विज्ञान शिकायला बाहेर पडलेली ही पहिली. प्रयोगशाळा सुटते तोवर तिच्या गावची शेवटची गाडी गेलेली असते. रात्री जेवायची सोय नसेल, तर वसतिगृहात राहणे नाही, आणि राहणे नाही तर शिक्षण नाही, असे तिच्या वडिलांनी सांगितले होते. हिशेब सरळ होता.

“आबाजी,” ती म्हणाली, “तुमी पत्र लिहून राहिले ते बराबर हाये. पण पत्राचा भात नाही होत ना.”

हे वाक्य मी निकालासारखे उतरवून घेतले. तिनेच पुढे विचारले, “जो मांगन त्याले, असं लिहिलं ना मावशीनं? मंग मांगणारा आणला तं?”

मागणारा आंधळगावचा निघाला. तिच्या वर्गमैत्रिणीच्या भावाचे लग्न ठरले होते. तुळशीचे लग्न लागले, लगीनसराई उघडली आणि बाजाराच्या दिवशी नवरदेवाचे मामा ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन महाविद्यालयाच्या फाटकात हजर झाले. ट्रॉलीत बँडवाले बसलेले होते. ते दुसऱ्या गावी चालले होते आणि वाटेत सोडायचे ठरले होते. मी मृत्युपत्राची प्रमाणित प्रत छातीशी धरून पायरीवर उभा राहिलो. भांडारपाल म्हणाला, किल्ली प्राचार्यांकडे आहे. प्राचार्य बाहेर आले.

“अहो, ती भांडी नाहीत,” ते म्हणाले, “ती स्मृती आहे.”

“स्मृती ठेवा सर तुमच्यापाशी,” मामा म्हणाले. “आमाले भांडी द्या.”

मी कलम मोठ्याने वाचले. ‘मागणारी व्यक्ती’ म्हणताच मामांनी हात वर केला. वर्गांच्या खिडक्या मुलींनी भरल्या. कंटाळलेल्या बँडवाल्यांपैकी कोणीतरी क्लॅरिनेटमध्ये फुंकर घातली, ढोलवाल्याला राहवेना आणि बघता बघता महाविद्यालयाच्या अंगणात वरात सुरू झाली. प्राचार्य काहीतरी नियम सांगत होते. तो नियम कोणता, हे आजही कोणाला माहीत नाही, कारण ऐकूच आला नाही. अखेर त्यांनी खिशातून किल्ली काढली. मी डेगीतले प्लास्टिकचे गुलाब उपसून त्यांच्या हाती दिले आणि नम्रपणे सांगितले की, यांचा उल्लेख मृत्युपत्रात नाही. ढोलाच्या ठेक्यावर डेगी ट्रॉलीत चढल्या आणि आमच्या विद्याविभूषित प्राचार्यांनी गुलाबांचा तो गुच्छ हाती धरून वऱ्हाडाला निरोप दिला.

आंधळगावकरांनी डेग काठोकाठ भरून पाठविली. त्यानंतर जे घडले त्याचा विचार मृत्युपत्र लिहिताना माझ्या मनातही आला नव्हता. आंधळगावने डेग भरली, ही बातमी पसरली आणि कोणत्याही लग्नघराला आंधळगावपेक्षा कमी पडणे परवडेना. तांदळावर तुरीची डाळ आली, डाळीवर गूळ आला. बुद्धविहारात लागलेल्या एका लग्नातून दोन कढया भरून वांगी आली आणि वर नवरदेवाच्या वहिनींचा निरोप, की वांगी शिजवून द्यायची होती पण कोण किती तिखट खाते ठाऊक नव्हते. एका घराने बुंदीचे लाडू पाठविले. एका घराने परातीवर टोपली पालथी घालून जिवंत कोंबडा पाठविला. तो वसतिगृहातच राहिला. पहाटे सर्वांच्या आधी उठून सर्वांना उठवत असल्यामुळे मुलींनी त्याला ‘रेक्टर’ ही पदवी दिली आणि खऱ्या रेक्टर मॅडमनी तिला हरकत घेतली नाही. संध्याकाळी मी फिरायला म्हणून निघे आणि वसतिगृहाच्या फाटकाशी थांबे. आतून ताटांचा आवाज, हसण्याचा आवाज. गोसीखुर्दची मुलगी वाढपी झाली होती, ती मला आतूनच ओरडून सांगे, “आबाजी, आज पोरी नोको नोको म्हणून राहिल्या.” ‘नको’ म्हणण्याइतका भात. माझ्या साऱ्या नोकरीत इतका समाधानकारक निकाल मी लिहून घेतला नाही. मी घरी जाताना शीळ घालीत असे. आमच्या हिने विचारले, प्रकृती बरी आहे ना.

आणि मग वसंत पंचमी.

अध्यक्षांच्या चिरंजीवांचे लग्न. सारी भांडी गेली, गेलीच पाहिजेत. अध्यक्ष हेही मागणारी व्यक्ती आहेत. परत आली त्या संध्याकाळी मुली पोती घेऊन उभ्या होत्या, कारण एवढ्या मोठ्या घरचे धान्य ठेवायचे कोठे, यावर दुपारभर खल झाला होता. ट्रकमधून डेग उतरविली. वाढपी मुलीने आत वाकून खांद्यापर्यंत हात घातला आणि तो तसाच बाहेर काढला. भांडी इतकी स्वच्छ होती की त्यांत मुलींचे चेहरे दिसत होते.

मी अध्यक्षांच्या बंगल्यावर गेलो. ते सौजन्याने वागले, चहा आला.

“शिरस्तेदार, तुम्हीही कमाल करता,” ते हसून म्हणाले. “संस्था आपली, भांडी संस्थेची. आपलीच भांडी आपण आपल्याला परत करताना त्यात काय भरायचं?”

येथे मला संताप आला आणि, खोटे कशाला लिहू, हर्षही झाला. कारण एवढी निव्वळ, एवढी पुस्तकी चूक मला प्रत्यक्षात कधी पाहायला मिळाली नव्हती. कंजुषीचा आरोप मी करीत नाही. त्या लग्नात तुपाची धार तुटली नव्हती. चूक अशी की, सांभाळायला दिलेली वस्तू त्यांना आपली वाटली. साहेब, मी म्हणालो, विश्वस्त हा मालक नसतो. तुम्ही त्या पितळाचे राखणदार आहात आणि ज्या दिवशी ते तुमच्या घरी गेले, त्या दिवशी तुम्ही आंधळगावच्या मामांइतकेच मागणारे होता. त्यांनी चहा गार होईल, याकडे माझे लक्ष वेधले.

एवढ्यावर थांबले असते, तर मी पत्र लिहून भागविले असते. पण रीत जशी चढते तशी उतरते. पुढच्या लग्नघरातून डेग आली तिच्या तळाशी मूठभर तांदूळ होता. मी विचारायला गेलो, तर यजमान ओशाळून म्हणाले, “अध्यक्षच रिकामी धाडून राहिले, तं आमी काहून भरावं? गावात मोठं कोण, ते की आमी?” त्यानंतरच्या घराने मूठही घातली नाही. आता रेक्टर मॅडमनी फलकावर सूचना लावली आहे: धान्याअभावी रात्रीचे जेवण होळीपासून बंद. मुलींच्या परीक्षा होळीनंतर आहेत. गोसीखुर्दच्या मुलीने ट्रंक अजून भरलेली नाही, पण पलंगाखालून ओढून बाहेर ठेवली आहे. ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

हे कायद्याने सुटणार नाही, हे मावशींना मीच सांगितले होते. जे अध्यक्षांच्या दारात सर्वांदेखत मोडले, ते सर्वांदेखतच जोडले पाहिजे.

म्हणून माझी मागणी. होळीपूर्वी महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन आहे. मावशींना ‘दानशूर माता’ म्हणताना जो ध्वनिक्षेपक होता, तोच त्या दिवशीही असेल. माननीय अध्यक्षांनी त्यापाशी उभे राहून, मुलींच्या समोर, आंधळगावच्या मामांच्या समोर, एका प्रश्नाचे उत्तर द्यावे: वसंत पंचमीला आपण जी भांडी नेली, ती कोणाची समजून नेली? सर्वांत मोठी डेग मी त्या दिवशी रंगमंचावर त्यांच्या शेजारी आणून ठेवणार आहे, गुलाबांविना. उत्तर तोंडी द्यावे किंवा डेगीत ओतावे. फक्त लेखी देऊ नये. लेखी उत्तरे माझ्याकडे पुष्कळ आहेत.