गारो बसला, आणि गाव थांबलं

आमचा शेजारी वेकोस्लाव्ह ऊर्फ वेको म्हणजे मूग गिळून बसणारा माणूस. बायको गेली तेव्हा बोलला नाही, फौजेतून निवृत्त झाला तेव्हाही नाही. बोलायचा तो फक्त गारोशी, भूसुरुंग हुंगून काढणाऱ्या त्याच्या काळ्या कुत्र्याशी. घेवड्याच्या रश्शातलं मांस गारोला, घेवडा ह्याला! मी ओरडायची, "अरे, घरचा मालक तू की तो?"

"तो," म्हणायचा मेला.

लढाईनंतर कुपा नदीकाठच्या आमच्या कुरणात त्या दोघांनी एकोणीस सुरुंग शोधले. कुरण साफ झाल्यावर फौजेतले जवान तिथे फुटबॉल खेळले. तशी रीतच आहे, म्हणजे गावाची खात्री पटते. सगळ्यांची पटली, यागाताईची नाही. तिचा नवरा त्याच कुरणात सुरुंगावर पाय पडून गेला होता. पंधरा वर्षं बिचारी लांबचा वळसा घालून चर्चला जायची. वेकोच्या ते फार जिव्हारी लागलेलं. "यागाताई एकदा तिथून चालली ना, की गारोचं काम पुरं झालं," म्हणायचा.

गारो म्हातारा होऊन गेला. गावाने कुरणाच्या मधोमध त्याचा पुतळा बसवायचं ठरवलं, आणि यागाताई म्हणाली, "त्याला फुलं वाहायला येईन मी." त्या सकाळी वेकोने चक्क इस्त्रीचा सदरा घातला!

चादर ओढली. पुतळा झकास होता, फाटक्या कानासकट. पण शहरातल्या मूर्तिकार बाईने गारोला ताठ बसवला होता. यागाताई कुरणाच्या कडेलाच थबकली. तिच्यामागे अख्खं गाव. गवतावर कुणाचा पाय पडेना.

"आवडला नाही का?" बाई रडकुंडीला आली.

"अगं बये," मी म्हटलं, "सुरुंग सापडला की आमचा गारो अस्साच बसायचा!"

वेको पांढराफटक पडला. मग काठी टाकून लंगडत गवतात शिरला, थेट गारोपर्यंत. खिशातून दातांच्या खुणांनी भरलेला रबरी चेंडू काढला. काम संपलं की गारोला तो मिळायचा. पुतळ्याच्या पायांशी चेंडू ठेवून वेको खाली बसला. "झालं रे बाळा. सगळे सापडले. आता खेळ." आणि हा मुखदुर्बळ माणूस ढसाढसा रडायला लागला.

माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू?

यागाताईने एक पाय गवतावर ठेवला. थांबली. मग दुसरा ठेवला. चालत चालत पुतळ्यापाशी पोचली, फुलं वाहिली आणि वेकोच्या खांद्यावर हात ठेवला.

"ऊठ रे," म्हणाली. "गवत ओलं आहे, कंबर धरेल."