आई आतच हायेत

केशवचा धंदा म्हणजे हाटेलांना गोष्ट लावून देणं. गारखेड्यात दोन खोल्यांचा स्टुडिओ. पाटी, मेनूकार्ड, रंग हे काय, कुणीही करतं हो; केशव हाटेलाला एखादा आजा, एखादी आजी मिळवून द्यायचा. गिऱ्हाईक आमटीबरोबर गोष्टही भुरकून जायचं. वेटरांकडूनसुद्धा तो ती पाठ करून घ्यायचा.

श्रावणात त्याची आई, अनसूयाबाई, गेली. केशवनं सगळं रीतसर केलं, पण डोळ्यांतून टिपूस नाही. बायको सरोजिनी म्हणाली, "अहो, एकदा रडून घ्या. असं दगड होऊन कसं चालेल?"

"येतच नाही गं," तो म्हणाला. खरंच येत नव्हतं. जेवायचा, पण काय जेवला ते विचाराल तर सांगता यायचं नाही.

त्यातच वाळूज रोडचे आप्पासाहेब आले. नवं शाकाहारी हाटेल काढलेलं. "केशवराव, आमच्या हाटेलाला एक आई पाहिजे बघा. लई मायाळू."

केशवनं कॉम्प्युटरवर शोधलं. हाताला आईचाच फोटो लागला, येसराची आमटी ढवळतानाचा. दिला लावून! लाज वाटली नाही, वाईटही वाटलं नाही. वेटरांना शिकवलं, कुणी विचारलं तर हसून सांगायचं, आई आतच आहेत, फोडणी घालतायत. मेलेल्या बाईच्या हातची आमटी कोण खाणार? फोटोला हार घालू नका, एवढं आप्पासाहेबांना बजावलं. घरच्या फोटोला सरोजिनीनं चंदनाचा हार घातला होता. तिकडं तो बघायचाच नाही.

उद्घाटनाला नवरा-बायको जेवायला बसले. शेजारच्या टेबलावर एक म्हातारी होती. तिनं आमटी भुरकली अन् फोटोकडं बोट केलं. "ह्या बाई कुठं हायेत रे? झकास जमलंय म्हणावं."

वेटर शिकवल्याप्रमाणं हसला. "आई आतच हायेत, आज्जी. फोडणी घालायल्यात."

केशव हातातला घास ठेवून उठला. "अहो, कुठं निघालात?" सरोजिनी म्हणेपर्यंत तो भटारखान्यात शिरला होता. आत दोन आचारी, धूर, चुलाणावर मोठं पातेलं. पातेल्यामागं, कोठीत, पार मागच्या मोरीपर्यंत तो बघून आला.

"साहेब, कोण पाहिजे?" आचाऱ्यानं विचारलं.

"आई," केशव म्हणाला, आणि तिथंच कांद्याच्या पोत्यावर बसून ओक्साबोक्शी रडायला लागला.