वहिनींचं ऐकणं

सोमवारी दुपारी कारखान्याच्या गेटवर आमच्या भरे गावचा माणूस येऊन उभा राहिला. वॉचमननं मला आतून बोलावलं, मी हात पुसत बाहेर आलो. "वैनी गेल्या," तो म्हणाला. आणि मी विचारलं, "कुणाच्या?" आमच्या वस्तीत वैनी म्हटलं की एकच. लहानथोर सगळे तिला वैनीच म्हणायचे, आणि ती सख्खी वहिनी होती फक्त माझी. माझ्या थोरल्या भावाची बायको, कमल. तिची बातमी आली आणि मी परक्यासारखा विचारतोय, कुणाच्या म्हणून. महिना होत आला, पण त्या प्रश्नाची लाज अजून गेलेली नाही.

मी पाचवीत होतो तेव्हा ती लग्न होऊन आमच्या घरात आली. आई आधीच गेलेली, त्यामुळं घरातली बाई ती एकटीच. अक्षरओळख नव्हती. पण दादानं पहिल्या बोनसमधून ट्रान्झिस्टर आणला आणि वहिनीच्या अंगातला खरा गुण बाहेर आला. नवा गायक लागला की नाव सांगायच्या आत ती बोलायची, "ह्यो नवा हाय. भ्यालाय बिचारा." कधी म्हणायची, "हिला गळा हाय, पन शब्दाकडं ध्यान न्हाई." चार-सहा महिन्यांनी तोच गायक पुन्हा लागला की, "आता भ्या गेलं बगा त्याचं. आता गातोय." जुन्या, गाजलेल्या गाण्यांत तिला फारसा रस नसायचा. "ते झालंय की. त्याला आमी काय ऐकायचं?" असा तिचा खाक्या. नवा माणूस मात्र ती जीव लावून ऐकायची, आणि चुकला की तिच्या कपाळाला आठी पडायची.

आमच्याकडं तेव्हा गाणारी पोरं उदंड. जयंतीला, बुद्धपौर्णिमेला, बारशाला गाणी लागायची, आणि दर वर्षी कुणीतरी नवं कडवं, नवी चाल घेऊन उभा राहायचा. कशी कुणास ठाऊक, बातमी पसरली की भऱ्याच्या वैनीला गाणं कळतं. मग रविवारी दुपारी पोरं यायला लागली. पिरंगुटाहून, घोटावड्याहून, कुणी पेटी घेऊन, कुणी नुसता गळा घेऊन. वहिनी पडवीत सुपात तांदूळ पाखडत बसलेली असायची आणि हातचं काम ती कुणासाठीही सोडायची नाही. पोरं समोर बसून गायची आणि सगळ्यांचा डोळा तिच्या हाताकडं. गाणं मनात उतरलं की वहिनीचं सूप थांबायचं. ती स्वतः कधी तसं बोलली नाही, हा शोध पोरांनीच लावला. पुढंपुढं तर एकमेकांना विचारायचीसुद्धा, "काय रं, थांबलं का सूप?" थांबलं असलं तर गडी चार दिवस छाती काढून हिंडायचा.

माझ्यासाठी ते कधी थांबत नव्हतं. मी घरचाच, रोजचाच. मुळात मी तापट, त्यात गाण्याचं वेड, त्यामुळं फार लागायचं. एकदा मी नवं गाणं म्हणत होतो आणि मधल्या कडव्याला सूप थांबलं! मला काय वाटलं म्हणून सांगू? तेच कडवं तीनदा घोळून म्हटलं, डोळे मिटून, हात वर करून. डोळे उघडले तर वहिनी दोन बोटांत खडा धरून बसलेली. "काय न्हाई भावजी, खडा सापडत न्हवता. तुमी म्हना की." पोरं लोळून लोळून हसली. मी दोन दिवस तिच्या हातचं जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी भूक लागली.

त्या येणाऱ्यांत माण गावचा नाना होता. चांगल्या जमीनजुमल्याच्या घरातला, भजन म्हणायचा. पहिल्या खेपेला वहिनीनं चहा पुढं केला तर हा म्हणाला, "नको, आत्ताच झालाय." कशासाठी नको ते सगळ्यांना कळलं होतं. वहिनीनं कपबशी शांतपणे उचलली. "मग गानंबी नको. आमचा चहा चालत न्हाई त्याला आमचा कानबी चालायचा न्हाई." नाना तांबडालाल झाला. उठून जाईल असं वाटलं… पण त्यानं हात पुढं केला, कप घेतला आणि पिऊन टाकला. तेव्हापासून तो आमच्या घरचाच झाला. आजही त्याला विचारलं तर म्हणतो, "त्या चहानं माझं तोंड भाजलं, पन लई बरं झालं."

पुढं नानानं भजन सोडलं आणि लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायला लागला. मुळशीच्या बाजूला असा कॅमेरा पहिल्यांदा त्याच्याकडंच आला. एक दिवस मला म्हणाला, "तुझं गाणं पिक्चरसारखं काढू." माझं एक गाणं होतं, माझेच शब्द, माझीच चाल. आई भातलावणीला जायची त्यावर लिहिलेलं. पुण्यात जाऊन ते पेटी-ढोलकीवर टेप करून घेतलं आणि मग धरणाच्या काठाला शूटिंग. मित्राचा कोट, काळा चष्मा. टेप लावायचा आणि मी नुसते ओठ हलवायचे. मी पाण्याकडं बघत चालतोय, नाना कॅमेरा घेऊन उलटा चालतोय, असा मागं सरता सरता तो चिखलात बसला. कॅमेरा तेवढा वर धरला होता त्यानं, एका हातानं, देवळातल्या मूर्तीसारखा. आम्हाला वाटलं आता सगळ्या तालुक्यात आमचं नाव होणार.

रविवारी दुपारी शाळेच्या खोलीत खिडक्यांना पोती लावून कलर टीव्हीवर ते दाखवलं. शिट्ट्या काय, टाळ्या काय! पुन्हा लावा, पुन्हा लावा म्हणून तीनदा लावायला लागलं. मी तर जमिनीवर नव्हतोच. नानानं सगळ्यांदेखत विचारलं, "वैनी, कसं वाटलं?" वहिनी भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "पानी लई चांगलं दिसतंय. पन भावजी ह्यात गात्यात कुटं? तोंड हालतंय, गळ्याची शीर हालत न्हाई. आन् आईचं गानं काळा चष्मा लावून म्हनायचं व्हय?"

हशा पिकला. आणि माझं डोकं फिरलं. मी भर खोलीत ओरडलो, "तुम्हाला काय कळतंय? स्वतःचं नाव लिहिता येत नाही, आणि गाण्यातलं सांगताय!" वस्तीच्या भाषेत नाही, शहरी भाषेत ओरडलो, म्हणजे जास्त लागावं म्हणून. वहिनी उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "व्हय, ते खरं हाय." तेवढंच. घरी जाऊन तिनं मला जेवायला वाढलंसुद्धा.

त्यानंतर मी पुण्यात कारखान्याजवळ खोली घेतली. सणावाराला यायचो, जेवायचो, जायचो. तिच्यासमोर दोन वर्षं गायलो नाही. ती कॅसेट चार ठिकाणी फिरली, लोकांनी कौतुक केलं, आणि प्रत्येक वेळी ती बघताना माझी नजर आपोआप माझ्याच गळ्याकडं जायची. शीर खरंच हलत नव्हती हो… मनातून मला त्याच दिवशी कळलं होतं. पण कबूल करायचं कुणी?

मग तिचं पोटाचं दुखणं निघालं. मी भेटायला गेलो तेव्हा पार वाळली होती, उशाला टेकून बसली होती. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मी माफीची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात तीच म्हणाली, "भावजी, ते आईचं म्हना की." ना पेटी, ना ढोलकी. मी मांडी घालून म्हटलं. ती डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर तिनं डोळे उघडले. मग म्हणाली, "दुसऱ्या कडव्यात घाई करताय तुमी. आई चिखलात हाय तितं. चिखलातून पाय घाईनं निघतो व्हय?"

एवढी वर्षं ते गाणं मी म्हणत होतो. कुणी हे सांगितलं नव्हतं. मला स्वतःलाही दिसलं नव्हतं. मी म्हणालो, "वैनी, शाळेत त्या दिवशी मी बोललो ते…" "कवा?" ती म्हणाली. खरंच विसरली होती की मला सोडवत होती, देव जाणे. निघताना म्हणाली, "फुडल्या रविवारी नीट करून आना."

पुढच्या रविवारी मी गेलो नाही. कारण सांगायलाही कसं तरी होतं. कडवं अजून जमलं नव्हतं. खोलीत दार लावून म्हणत होतो, कधी फार हळू व्हायचं, कधी पुन्हा तीच घाई. म्हटलं, अर्धवट नको न्यायला, या वेळी तिच्याकडून बरं म्हणवूनच घ्यायचं. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. आणि मग सोमवारी गेटवर तो माणूस आला.

वहिनीच्या जलदानविधीला सगळी वस्ती जमली होती. त्रिशरण-पंचशील झालं, दोघं-तिघं तिच्याबद्दल बोलले, आणि दादा मला म्हणाला, "म्हन." मी म्हटलं. दुसऱ्या कडव्याला थांबत थांबत गेलो, एकेक पाय काढावा तसा एकेक शब्द. ते जमलं. जमलंय हे मला कळत होतं. आणि त्याच आनंदात तिसऱ्या कडव्याला सूर गेला. थोडका नाही, चांगला घसरलो. संपल्यावर बायकांनी डोळे पुसले. दादा म्हणाला, "लई चांगलं म्हटलंस." नानानं पाठीवर हात ठेवला, "एक नंबर!" मी त्याला विचारलं, "तिसरं कडवं कसं झालं?" "झ्याक झालं की," तो म्हणाला. मी आणखी दोघांना विचारलं. त्यांनाही झ्याकच वाटलं होतं. तेव्हा मात्र मला राहवलं नाही. इतके दिवस पाणी नव्हतं आलं डोळ्यांना, तिथं भर मांडवात हमसून हमसून रडलो. लोक समजूत घालत होते, की बाबा, वय झालं नव्हतं, पण दुखण्यातून सुटली. आणि मला एवढंच पाहिजे होतं, की कुणीतरी एकानं तरी म्हणावं, भावजी, तिसऱ्याला चुकलात.