चिंच दुप्पट, माणूस चौपट

फोटोवाल्यांचे किस्से म्हणजे फोटो धुवायच्या हायपोचा वास. कितीही हात धुवा, जात नाही! अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीला मी आणि कांबळे वाशीला, नव्या शहरासाठी गावांच्या जमिनी घेणाऱ्या एका सरकारी ऑफिसच्या फोटो सेक्शनला होतो. तिथले किस्से अजून नाकात आहेत.

*

कांबळेला तळोज्याच्या भंगारवाल्याकडे लेन्सचा जुना सेट सापडला. पेटीत तीन पितळी लेन्स. दोन जोडून लावल्या की साधा फोटो, एकटीच लावली की लांबचं मोठं दिसतं. कुठली किती मोठं करते, तो कागद मात्र गायब! "आपणच शोधून काढू," कांबळे म्हणाला. साहेब पेटी बघून खूश. "तीन आहेत ना? मग तिन्ही एकदम लावा, तिप्पट क्लिअर येईल!"

*

टेस्टसाठी कांबळेने बोनकोडे गावाबाहेरचं चिंचेचं झाड धरलं. चिंच नव्या रस्त्यात येत होती, तुटणार होती, रेकॉर्डला फोटो हवाच होता. लाकडी कॅमेरा मांडला तसं गाव जमलं. एका म्हाताऱ्याने काळ्या कापडात डोकं घातलं. मागच्या काचेत सगळं उलटं दिसतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. बाहेर येऊन आमच्यावर भडकला, "जमीन तर गेलीच, आता गाव पन उलटा केला का रं?"

*

त्या चिंचेखाली हिराआजी रोज बसायची. नवरा मिठागरावर गेला तो उधाणात परत आलाच नाही. जाताना सांगून गेला होता, "चिंचेखाली थांब." वीस वर्षं थांबली होती बाई, कुंकूसुद्धा पुसलं नव्हतं. "आजी, फोटोपुरती बाजूला हो," कांबळे म्हणाला. ती उठली आणि म्हणाली, "झाड तोडलंव, तर त्यांना मी गावायची कशी?" खरं सांगतो, मला लाज वाटली.

*

प्रिंट धुतल्या. दोन लेन्सच्या फोटोत चिंचेखाली नखाएवढा माणूस! फोटो काढताना तिथे चिटपाखरू नव्हतं. एका लेन्सच्या फोटोतही तोच. कांबळे दोन्ही फोटोंवर पट्टी लावून बसला आणि बसूनच राहिला.

"अरे, चिंच दुप्पट, माणूस चौपट! लेन्स असं करत नाही."

"मधल्या वेळात चालत पुढे आला असेल," मी सहज म्हटलं आणि माझ्याच अंगावर काटा आला.

साहेब म्हणाले, "पट्टी बदला!"

*

चिंच तोडायच्या आदल्या दिवशी तिसरी लेन्स लावली, सगळ्यात लांबचं दाखवणारी. कांबळे कापडात शिरला तो घामाघूम होऊन बाहेर आला.

"चिंच दिसतच नाही रे. काचभर माणूस उभाय."

मी समोर बघितलं. भर दुपार, मोकळं रान. हिराआजी आमच्या शेजारी उभी होती.

"मला बघू दे," ती म्हणाली, आणि कापडात शिरली. तिचा हात वर गेलेला कापडावरून कळला. आजी डोक्यावर पदर घेत होती.

"अवं, उलटे काय उभे ऱ्हायलात? चला घरी."

बाहेर आली, आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. एरवी बांधाच्या मधोमध चालणारी आजी त्या दिवशी अगदी कडेकडेने, बाजूला जागा ठेवून गेली.

कांबळेने भीत भीत पुन्हा काचेत बघितलं.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"चिंच. एकदम शार्प!"