टँकरचं पाणी
फिनाईलचा वास आला की मला शेवगावच्या पतसंस्थेतलं ते अरुंद बाथरूम आठवतं. मार्चअखेर होती. माझी कर्जवसुली कमी भरली म्हणून साहेब भर गर्दीत मला म्हणाले, "बाई, झेपत नसेल तर घरी भाकऱ्या थापा." घरी सांगायची सोय नव्हती; मी घरातली पहिली पदवीधर म्हणून आईने गल्लीभर पेढे वाटले होते. मी बाथरूमची आतून कडी लावली आणि नेहमीसारखा नळ पूर्ण सोडून रडू लागले, म्हणजे हुंदके बाहेर ऐकू जाणार नाहीत. थोड्या वेळाने दार वाजलं. झाडलोट करणाऱ्या मावशी होत्या. "म्याडम, नळ बंद करा. टँकरचं पानी हाय, सांजपोत्तर पुरवायचंय." मी ओशाळून नळ बंद केला. मग त्या दाराशी वाकून हळूच म्हणाल्या, "आता रडा खुशाल. मी हितं बादली आपटीत बसते, कुनाला ऐकू जायचं न्हाई." बाहेर पत्र्याच्या बादलीचा खणखणाट सुरू झाला आणि त्या दिवशी मी पोटभर रडले. आता बदली झालेल्या शाखेत नळाला भरपूर पाणी असतं. तो सोडून मी आत उभी राहते, तेव्हा दाराबाहेर कुणीच नसतं.