साडूंची हाक

माझ्या मोठ्या साडूंनी उभ्या आयुष्यात कोणाच्याही प्रश्नाला त्याच प्रश्नाचे उत्तर दिलेले नाही. घुग्घुसच्या कोळसा खाणीत सुरुंग उडवण्यात त्यांची सारी नोकरी गेली, आणि घरातही ते त्याच पट्टीत बोलतात. चहात साखर किती टाकू, असे विचारले की ते कोळसा कसा फुटतो ते सांगू लागतात. जेवण झाले का म्हटले की "बेस हाय, बेस हाय" म्हणत पाठीत थाप घालतात, आणि ती थाप दुसऱ्या दिवशीपर्यंत पुरते. फोनला तर हातही लावत नाहीत. "फोनमंदी मानसाचं तोंड दिसत नाई. बोलाचं असन तं घरी या!" हे ते इतक्या जोरात सांगतात, की फोनची गरजच उरत नाही.

पैनगंगेच्या वरच्या अंगाला तंबू ठोकून राहायचे, नदीच्या घळी आणि गरम पाण्याचे कुंड पाहायचे, हा बेत आक्काचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा. निघताना ती माझ्या बायकोजवळ, धाकट्या बहिणीजवळ, रडली. "मी भित्तीसंग बोलून राह्यली वो. ह्यायच्या मनातून उतरली मी. तिथं बसवून एकडाव इचारीनच." तेवढ्यात साडू गाडीच्या टपावर लोखंडी पलंग बांधताना दिसले. "भाऊ, तंबूत पलंग कायले?" मी ओरडलो. ते म्हणाले, "नाई नाई, पाऊस नाई येत."

घळीत दोन्हीकडे काळे कडे, खाली हिरवे पाणी. दोन्ही घरच्या पोरांनी आरोळ्या ठोकल्या. त्या कड्यांवर आपटत परत आल्या. साडूंना चेव आला. तोंडाशी हात धरून त्यांनी अशी हाक दिली, की पलीकडची वानरे झाड सोडून पळाली. हाक गेली, आपटली, परतली, पुन्हा घुमली. साडू आपले कान देऊन उभेच. मग हिरमुसून आमच्याकडे वळले. "पोरायचा आवाज परत आला म्हन्ता, मंग माह्या काऊन नाई येऊन राह्यला?"

आक्का खडकावर मटकन बसली. सुरुंगांनी त्यांचे कान कधीच खाल्ले होते, आणि ते कळू नये म्हणून हा माणूस इतकी वर्षे सगळ्यांच्या आधी बोलत सुटला होता! खरे सांगतो, मला आधी रागच आला. घरच्यांपासून कसली लाज?

सकाळी कुंडावर आक्का त्यांच्या शेजारी न बसता समोर बसली. दोघांचे पाय गरम पाण्यात. त्यांची हनुवटी धरून तिने चेहरा आपल्याकडे वळवला आणि सावकाश विचारले, "तुमी माह्यावर रागावले काय?"

मध्ये वाफ येत होती. साडूंनी ती हाताने बाजूला सारली आणि तिच्या ओठांकडे टक लावून पाहिले.

"तुह्यावर कायले रागावू वो?" ते म्हणाले. एवढ्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकले नव्हते. "तू बोल. मी पाहून राह्यलो."

आक्का मग बराच वेळ बोलत होती. आम्ही तंबू आवरायला गेलो.